दातांच्या रिटेनरची निगा

दंतरुग्णांची आश्रयदाती संत अपोलोनिया हिचा सण ९ फेब्रुवारी रोजी येतो. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथे छळकर्त्यांनी तिचे दात पाडले व ती रक्तसाक्षी झाली. तिच्या स्मरणाने आज आपण एका लहानशा साधनाचा विचार करू.

मुलांचे दात सरळ व्हावेत म्हणून जुन्नर-आंबेगावातील पालक पदरमोड करून पुण्यापर्यंत खेपा घालतात. तारा निघाल्या की उपचार संपला, असे अनेकांना वाटते. परंतु दाताभोवतीचे हाड व हिरडीतील तंतू स्थिरावण्यास बराच काळ लागतो. तोवर दात पूर्वस्थानी सरकू पाहतात. त्यांना जागेवर धरून ठेवतो तो रिटेनर.

तो तोंडातून काढताच गार पाण्याने धुवावा. मऊ ब्रश व सौम्य साबण पुरेसा आहे. टूथपेस्ट, मिश्री वा राखुंडीने ओरखडे पडून त्यांत जंतू साठतात. उकळत्या पाण्याने प्लास्टिक वाकडे होते. उन्हात तापलेल्या गाडीतही तो ठेवू नये. जेवताना काढलेला रिटेनर डबीतच ठेवावा; कागदी रुमालात गुंडाळलेला रिटेनर सणाच्या पंगतीनंतर पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातो. दातांमागे कायमची तार चिकटवलेली असल्यास तिच्याखालील फटी रोज बारीक ब्रशने स्वच्छ कराव्यात.

रिटेनर हरवला, तडकला वा घट्ट बसू लागला, तर विनाविलंब दंतवैद्यांना भेटावे. विलंबाने पालकांचे कष्ट वाया जातात. देह ही परमेश्वराची देणगी आहे. तिची निगा राखणे हीही कृतज्ञताच होय.