नागपूरच्या कंपनीचं नाव युक्रेन युद्धात आलं. पण लढणाऱ्या देशाला शस्त्रं द्यायची की नाही, हे भारतात ठरवतं कोण?

अंबाझरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला तलाव आठवतो. नागपूरकरांना मात्र आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी. अमरावती रोडने वाडीच्या दिशेने निघालं की डिफेन्सची वसाहत लागते. इथल्या कारखान्यात तोफगोळ्यांची कवचं, रॉकेटचे भाग असं साहित्य तयार होतं. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेलं की बाजारगाव येतं. तिथे सोलार ग्रुपचा स्फोटकांचा मोठा कारखाना आहे. पिनाकाची रॉकेट्स आणि नागास्त्र हे ड्रोन याच सोलारचे.

थोडक्यात काय, तर संत्र्यांचं नागपूर आता दारूगोळ्याचंही शहर झालंय.

आता दारूगोळा बनतोय म्हणजे तो कुठेतरी जाणार. आपल्या लष्कराकडे गेला तर प्रश्नच नाही. पण परदेशात गेला आणि तिथे युद्ध चालू असेल तर?

सप्टेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न थेट नागपूरच्या दारात आला.

नेमकं झालं काय होतं?

१९ सप्टेंबर २०२४ ला रॉयटर्स या वृत्तसंस्थेने एक बातमी दिली. भारतीय कंपन्यांनी युरोपातल्या ग्राहकांना विकलेले तोफगोळे पुढे युक्रेनला पोहोचले, असं त्यात म्हटलं होतं. भारतीय आणि युरोपीय अधिकाऱ्यांशी बोलून आणि कस्टम्सच्या नोंदी बघून ही बातमी केल्याचा रॉयटर्सचा दावा होता.

त्यात एक नाव होतं यंत्र इंडिया लिमिटेडचं. ही केंद्र सरकारची कंपनी आणि तिचं मुख्यालय नागपुरात.

ही कंपनी आली कुठून? तर १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त केलं. देशभरातल्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या. त्यातली म्युनिशन्स इंडिया पुण्याला गेली आणि यंत्र इंडिया नागपूरला आली. अंबाझरीचा कारखाना यंत्र इंडियाकडे आहे.

रॉयटर्सच्या म्हणण्यानुसार यंत्र इंडिया इटलीतल्या एमईएस नावाच्या कंपनीला तोफगोळ्यांची रिकामी कवचं विकत होती. इटलीची कंपनी त्यात स्फोटकं भरणार, आणि तयार झालेला गोळा पुढे युक्रेनला जाणार. रशियाने याबद्दल भारताकडे नाराजी बोलून दाखवली, जुलै २०२४ मध्ये जयशंकर आणि लावरोव यांच्या भेटीतही हा विषय निघाला, असंही बातमीत होतं. मात्र युक्रेन जेवढी शस्त्रं आयात करतं त्यात भारतीय मालाचा वाटा अगदी किरकोळ, एक टक्क्यापेक्षाही कमी असल्याचं एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने सांगितलं होतं.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं. प्रवक्ते रणधीर जयस्वाल म्हणाले की ही बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी आहे, भारताने कुठलाही नियम मोडलेला नाही.

विषय तिथे थांबला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भारत सरकारने युक्रेनला शस्त्रं दिल्याचं कधीच जाहीर केलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी कीव्हला गेले तेव्हा त्यांनी दिले ते भीष्म क्यूब, म्हणजे जखमींवर जागेवर उपचार करण्यासाठीचे वैद्यकीय संच.

मग परवानगी देतं कोण?

शस्त्रं विकणं म्हणजे संत्री विकणं नाही. परदेशात पाठवायच्या संवेदनशील वस्तूंची भारताची एक यादी आहे, तिला स्कोमेट म्हणतात. त्यातल्या सहाव्या गटात दारूगोळा आणि लष्करी साहित्य येतं. या गटातली वस्तू निर्यात करायची तर संरक्षण मंत्रालयातल्या संरक्षण उत्पादन विभागाचा परवाना लागतो. परवाना देताना परराष्ट्र मंत्रालयाचं मतही घेतलं जातं.

परवान्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र. विकत घेणारा लिहून देतो की माल अमुक कामासाठी, अमुक माणूस वापरणार. अट मोडून तो दुसऱ्याला दिला तर पुढची विक्री बंद होऊ शकते.

ऐकायला कडक वाटतं. पण इथेच गोम आहे. नागपूरहून निघालं ते रिकामं कवच. त्यात स्फोटकं भरली दुसऱ्या देशात. तयार गोळा विकला तिसऱ्याला. आता हा गोळा कोणाचा म्हणायचा? आणि समजा अट मोडली, तर ती मोडली हे शोधणार कोण, आणि शोधून मित्रदेशाच्या कंपनीचा माल बंद करणार कोण? तो निर्णय पुन्हा सरकारचाच.

यासाठी एक जागतिक करार आहे, शस्त्र व्यापार करार. एप्रिल २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यावर मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. सगळी सूत्रं विकणाऱ्या देशांच्या हातात जातात आणि विकत घेणाऱ्यांवर अन्याय होतो, असा आपला आक्षेप होता. तेव्हा आपण मुख्यतः विकत घेणारे होतो. आता आपण विकणाऱ्यांच्या रांगेतही उभे आहोत.

विकणं किती वाढलंय?

२०१३-१४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात होती ६८६ कोटी रुपये. २०२४-२५ मध्ये ती झाली २३,६२२ कोटी. त्यात खासगी कंपन्यांचा वाटा १५,२३३ कोटी आणि सरकारी कंपन्यांचा ८,३८९ कोटी. २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचं लक्ष्य सरकारने ठेवलंय.

एकूण आकडा दरवर्षी अभिमानाने जाहीर होतो. पण कोणत्या देशाला नेमकं काय विकलं, याची देशवार यादी सहसा मिळत नाही.

इस्रायलचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं

युक्रेनचा विषय बातमीपुरता राहिला, पण गाझा युद्धावरून देशात खरोखर वाद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदर कामगारांच्या एका महासंघाने जाहीर केलं की इस्रायलला जाणारी शस्त्रं आम्ही जहाजावर चढवणार नाही. मे महिन्यात चेन्नईहून इस्रायलच्या हैफा बंदराकडे स्फोटकं घेऊन निघालेल्या एका जहाजाला स्पेनने आपल्या बंदरात थांबू दिलं नाही.

मग काही निवृत्त अधिकारी, अभ्यासक आणि कार्यकर्ते सुप्रीम कोर्टात गेले. प्रशांत भूषण त्यांचे वकील होते. मागणी अशी होती की इस्रायलला शस्त्रं पाठवण्याचे परवाने रद्द करा, नवीन देऊ नका. त्यांचा आधार होता वंशसंहारविरोधी कराराचा. भारताने हा करार १९५९ मध्येच मान्य केलाय. शिवाय २६ जानेवारी २०२४ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने गाझातल्या लोकांच्या संरक्षणासाठी इस्रायलला अंतरिम आदेश दिले होते.

९ सप्टेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली.

कोर्टाचं म्हणणं साधं होतं. परराष्ट्र धोरण सरकारने ठरवायचं असतं. इस्रायल सार्वभौम देश आहे, त्याने काय केलं याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. आणि आम्ही निर्यात थांबवली तर भारतीय कंपन्यांचे करार मोडतील, त्याचे परिणाम वेगळेच. पण कोर्टाने हेही सांगितलं की निर्यात थांबवायची असेल तर सरकारकडे अधिकार आहेत. १९९२ चा परकीय व्यापार कायदा आहे, १९६२ चा कस्टम्स कायदा आहे.

म्हणजे कोर्टाने चेंडू सरकारकडे टोलवला.

संसदेत का नाही?

तुम्ही म्हणाल, कोर्टाचं काम नाही तर संसदेचं असेल. अमेरिकेत तसं होतं. युक्रेनला द्यायच्या सुमारे ६१ अब्ज डॉलरच्या मदतीवर तिथे महिनोन् महिने भांडण चाललं. शेवटी २० एप्रिल २०२४ ला प्रतिनिधीगृहात मतदान झालं. ३११ विरुद्ध ११२. कोणत्या खासदाराने काय मत दिलं, हे त्याच्या मतदाराला त्याच दिवशी कळलं.

भारतात असं मतदान होत नाही. याचं एक कारण समजण्यासारखं आहे. अमेरिका मदत देते, ती करदात्याच्या पैशातून, म्हणून संसदेची मंजुरी लागते. आपण बहुतेक वेळा माल विकतो. विक्रीला संसदेची मंजुरी लागत नाही, परवाना पुरतो. खासदार प्रश्न विचारू शकतो, पण सुरक्षेचं कारण दिलं की तपशील मिळत नाही.

पण ब्रिटनही माल विकतंच. तरी २ सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनच्या सरकारने इस्रायलसाठीच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी ३० च्या आसपास परवाने स्थगित केले आणि परराष्ट्रमंत्र्याने संसदेत उभं राहून कारण सांगितलं. म्हणजे विक्री असली तरी उत्तर देता येतं.

दोन्ही बाजू काय म्हणतात?

विकावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. १९९९ आठवा. कारगिलचं युद्ध चालू होतं, अणुचाचण्यांमुळे आपल्यावर निर्बंध होते, तेव्हा इस्रायलने आपल्याला दारूगोळा दिला. ऐन युद्धात माल थांबवणाऱ्या देशावर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही. उद्या आपण विकणारे असू तर हाच नियम आपल्यालाही लागू. शिवाय कंपन्या झाल्यापासून ऑर्डनन्स कारखान्यांना स्वतःच्या ऑर्डर स्वतः शोधाव्या लागतात. ऑर्डर नसेल तर वाडीच्या क्वार्टरमधल्या घरांचं काय?

विरोधकांचा मुद्दाही तितकाच वजनदार आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला मोदींनी पुतिन यांना सांगितलं की हे युग युद्धाचं नाही. जगाला शांतता सांगायची आणि गोळे विकायचे, हे कसं जुळतं? त्यात रशिया आपला सगळ्यात मोठा शस्त्रपुरवठादार. आपल्या नावाचा गोळा त्याच्यावर पडला तर आपल्याच रणगाड्यांच्या सुट्या भागांवर गदा येऊ शकते. आणि गाझात मारल्या गेलेल्या हजारो लेकरांचा प्रश्न तर कुठल्याही ताळेबंदात बसत नाही.

युद्धात असलेल्या मित्राला मदत करायची ही वेळ नागपूरवर पहिल्यांदा आलेली नाही. १९३८ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलेलं असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. तेव्हा सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकांना जाहीर आवाहन केलं गेलं, लोकांनी पैसे दिले. कोणाला, का आणि काय पाठवतोय, हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग आपण काय बघायचं?

पुढच्या वेळी ‘भारताने अमुक देशाला शस्त्रं पाठवली’ अशी पोस्ट ग्रुपवर आली की फॉरवर्ड करायच्या आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, हे दान आहे की विक्री? दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

दुसरी, विकणारा कोण? सरकारी कंपनी असेल तर तिची मालकी केंद्र सरकारकडे आहे. खासगी असेल तरी परवाना सरकारनेच दिलेला असतो.

तिसरी, परवान्यावर नाव कोणाचं? थेट लढणाऱ्या देशाचं, की मधल्या एखाद्या देशातल्या कंपनीचं? दुसऱ्या प्रकारात ‘भारताने पाठवलं’ हे वाक्य अर्धवट असतं, आणि ‘भारताचा काही संबंध नाही’ हेही.

चौथी गोष्ट तपासायची नाही, विचारायची आहे, आणि ती आपल्या खासदाराला. नागपूरचा असो, रामटेकचा असो की भंडाऱ्याचा. कारण या उद्योगाची किंमत आपल्याच भागातली माणसं मोजतात. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या सोलारमध्ये स्फोट झाला, नऊ कामगार गेले. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, आठ जण गेले. जीव धोक्यात घालून माणसं जे बनवतात, ते कोणत्या लढाईत आणि कोणत्या अटीवर जाणार आहे, एवढं विचारायला कुठल्याही पक्षाचं असावं लागत नाही. गुप्त ठेवण्यासारखं असेल ते ठेवा, पण कोणत्या नियमाने हो म्हणता आणि कोणत्या नियमाने नाही म्हणता, तो नियम तरी लोकांसमोर मांडा, ही मागणी काही फार मोठी नाही.