रिमोट डेस्कटॉपवर कीबोर्ड 'वेड्यासारखा' वागतोय? आधी हे करून बघा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, घरून शाळेच्या संगणकावर निकाल भरताना भलतीच अक्षरं उमटू लागली, तर लगेच नवा कीबोर्ड आणू नका.

१) आधी आपल्याच संगणकावर नोटपॅडमध्ये टाइप करा. इथे नीट उमटलं, तर कीबोर्ड चांगला आहे.

२) 'ई' दाबताच फाइल एक्सप्लोरर उघडतो? म्हणजे तिकडे विंडोज की दाबलेलीच राहिली आहे. मध्येच दुसरी विंडो उघडली, की बटण सोडल्याचा निरोप कधीकधी पलीकडे पोहोचत नाही. रिमोट विंडो फुल स्क्रीन करून कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि विंडोज ही बटणं एकेक करून दाबा आणि सोडा.

३) 'एच' दाबल्यावर 'ह'ऐवजी 'प' येतो? तिकडे फोनेटिकऐवजी इन्स्क्रिप्ट चालू आहे. तिकडच्याच टास्कबारवरून भाषा बदला.

४) कंट्रोल-आल्ट-डिलीट आपल्याच संगणकावर लागू होतं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये त्याऐवजी कंट्रोल-आल्ट-एंड दाबा.

सगळं सुरळीत झालं, तरी सेव्ह करण्याआधी मुलांची नावं पुन्हा वाचा. इथे चुकलेलं एक अक्षर पुढे दाखल्यावर जातं आणि ते दुरुस्त करायला पालकांना खेटे घालावे लागतात.