जीवशास्त्राचा धडा आणि आपल्या घरातले दुखणे

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एकच चर्चा सुरू होते. पोरगी सायन्सला जाणार की आर्ट्सला? गुण बरे असले तर सारे नातेवाईक एकमुखाने सांगतात, ‘बायोलॉजी घे, डॉक्टर हो.’ दोन वर्षांनी नीटमध्ये नंबर लागला नाही की तेच नातेवाईक म्हणतात, ‘दोन वर्षे पाण्यात गेली.’ जीवशास्त्र म्हणजे केवळ एमबीबीएसचे तिकीट, हा समज आपल्या समाजात पक्का बसला आहे. तो किती तोकडा आहे हे आम्हाला एका घराने शिकविले. तीच हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विदर्भातील एका तालुक्याच्या गावी आम्ही ओळखीच्या घरी गेलो होतो. भिंतीवर बाबासाहेब आणि तथागतांच्या तसबिरी. खाटेवर थोरला मुलगा पाय पोटाशी घेऊन पडलेला. त्याचे हातपाय वरचेवर दुखतात, डोळे पिवळे दिसतात. धाकटी बारावीत. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, “काकाजी, दादाचं दुखणं आमच्या धड्यात आहे.” वहीत तिने गोल तांबड्या पेशीशेजारी विळ्यासारखी वाकडी पेशी काढली होती. आई मात्र गप्प होती. थोड्या वेळाने तिने आम्हाला बाजूला घेऊन हळूच सांगितले, “पोरीचीही तपासणी झाली जी. एएस पॅटर्न निघाला. कोणाजवळ बोलू नका, लग्न जमणार नाही.”

एका घटकाचा फरक

हा आजार म्हणजे सिकलसेल. विदर्भातील आदिवासी समाजांबरोबरच आपल्या बौद्ध समाजातही तो अनेक कुटुंबांत आढळतो. अमेरिकेतील डॉ. हेरिक यांनी 1910 साली या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी 1949 साली दाखविले की, दोष रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे इंग्रॅम यांनी शोधले की त्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन बसले आहे. एवढ्या एका फरकाने पेशी विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही मात्र दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे होतात.

यात मागच्या जन्मीचे पाप नाही, कोणाची नजर नाही, बाहेरची बाधा नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कर्मकांडातून बाहेर काढले ते अशा वेळी अंगाऱ्यामागे धावण्यासाठी नव्हे. तपासून पाहा, मग स्वीकारा, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण आणि प्रयोगशाळेची शिस्त यांत आम्हाला तरी अंतर दिसत नाही.

हिशेब चारांचा

त्या मुलीने आईला जमिनीवर खडूने चार चौकोन काढून दाखविले. प्रत्येकाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्ही सदोष असली तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकच सदोष असले तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास होत नाही. तो आपले शिक्षण, नोकरी, संसार नीट करतो.

दोघेही नवरा-बायको वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे समजू नये. दर खेपेला हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. पण एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर एकही मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही.

म्हणजे त्या मुलीचे लग्न अडण्याचे कारणच नाही. फक्त जोडीदाराची तपासणी झालेली हवी. कार्ड लपविले तर मात्र धोका आहे. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जात शिक्षण, उंची, पगार विचारतात. तेथे रक्ततपासणीचा एक रकाना घालावा, आणि तो मुलालाही तितकाच लागू असावा. केवळ मुलीचे कार्ड मागणे हा अन्याय होईल.

जात आणि जनुक

काही लोक याला ‘अमुक जातीचा आजार’ म्हणून नाक मुरडतात. त्यांनाही जीवशास्त्रच उत्तर देते. ॲलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले की, वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळते. म्हणून जेथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तेथे हे जनुक टिकले. पुढे जातीतल्या जातीतच लग्ने होत राहिल्याने दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढला. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे असेच आहे. जातीबाहेर लग्नबंदी हेच जातिसंस्थेचे मूळ, असे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. त्या बंदीची किंमत समाजाने रक्तातूनही मोजली आहे.

विद्यार्थी मित्रांनो

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीत पहिला धक्का इंग्रजी शब्दांचा बसतो. घाबरू नका. हे शब्द ग्रीक-लॅटिनचे आहेत, इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही ते नवेच असतात. ‘हिमो’ म्हणजे रक्त, ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘आयटिस’ म्हणजे दाह, असे तुकडे पाडून स्वतःची वही करा. आकृती पाहून नव्हे, पुस्तक मिटून काढा, मग ताडून पाहा. आणि वाचलेला धडा आईला आपल्या बोलीत समजावून सांगा. तिला समजला तर तुम्हाला आला. विहारात चार-सहा जणांनी मिळून संध्याकाळी अभ्यास केला तर एका पुस्तकात सर्वांचे भागते.

नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे आहेत, तेव्हा डॉक्टर व्हायचे त्यांनी जरूर व्हावे. परंतु तो दरवाजा न उघडल्यास परत फिरू नये. नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, फार्मसी, कृषी, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान या वाटा आहेत. बी.एस्सी., एम.एस्सी. करून नेट परीक्षेतून संशोधनाकडे जाता येते. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत बारावीनंतर थेट विज्ञान शिकता येते, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तसेच वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली, उद्दिष्ट 2047 सालचे आहे. 2016 च्या कायद्याने या आजाराला दिव्यांगत्वातही स्थान मिळाले आहे. 2023 सालीच जनुक दुरुस्त करणारा उपचार ब्रिटन व अमेरिकेत मंजूर झाला. तो अजून सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे. तो स्वस्त करणाऱ्यांत आपली मुले का नसावीत?

आम्ही निघालो तेव्हा आई त्या चार चौकोनांकडे पाहात बसली होती. म्हणाली, “म्हणजे माझ्या पोरीत खोट नाही तर.” त्या मुलीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचे त्या घरात तेवढे मोल झाले. गुणपत्रिका पुढे काहीही सांगो.