भिंतीची ओल आणि सिमेंटचा मोह

पावसाळा सरल्यावर आम्ही उज्जैनच्या जुन्या वस्तीतील एका घरी गेलो होतो. कर्ज काढून मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला. तरी आतून पोपडे सुटले होते, गुडघाभर उंचीपर्यंत पांढरा खार फुलला होता आणि नातवाचा खोकला हटत नव्हता. "फादर, सिमेंट कमी पडलं का हो?" आजींनी विचारले. खरे तर सिमेंट नको तिथे लागले होते.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. जुन्या घरांच्या जोत्यात बहुधा ओल अडवणारा थर नसतो. त्यामुळे वात तेल ओढते तशी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते. माती-चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर उडून जाते. सिमेंटने ही वाट बुजते. मग पाणी आणखी वर चढते व आतून निघते. त्या ओलीवर बुरशी धरते आणि बुरशीने दमा-खोकला बळावतो.

कोरड्या मातीच्या भिंतीतील बारीक छिद्रांत हवा असते, म्हणून ती थंडीत ऊब राखते. छिद्रांत पाणी भरले की हा गुण जातो, कारण स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीस पटींहून अधिक सहज वाहते.

मग करावे काय? आधी ओल कोठली ते ओळखा. प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारी कडांनी भिंतीवर चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले, तर दोष कोंडलेल्या वाफेचा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले, तर पन्हळ दुरुस्त करा, भिंतीलगत साचलेली माती काढा आणि जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्या. सुटलेले सिमेंट हलक्या हाताने काढून भिंत एक उन्हाळा वाळू द्या. मगच चुन्याचा गिलावा करा. कळीचा चुना विरवताना तो उकळून उडतो. डोळे जपा, मुलांना दूर ठेवा.

नवे घर बांधणाऱ्यांनी जोत्यावर ओलरोधक थर घालावाच. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत वास्तुतज्ज्ञ लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात रूढ केली. तिला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीतील हवा ऊन अडवते.

आजींना आम्ही एवढेच सांगितले: गिलाव्यासाठी पुन्हा कर्ज काढू नका, आधी पन्हळ पाहा, मग भिंतीचा पाया पाहा.