विरळ हवेत तरंगताना
उडती यंत्रे : लेखांक ६

हवेत एका जागी तरंगायचे तर यंत्राने आपल्या वजनाइतक्या जोराने हवा सतत खाली ढकलली पाहिजे, हे आपण मागच्या लेखांकात पाहिले. मंगळावर पंचाईत होते ती इथेच. तिथल्या वातावरणाची घनता पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का. गुरुत्वाकर्षण आपल्याकडच्या ३८ टक्के असल्याने थोडी सवलत मिळते, पण तूट भरून निघत नाही. तरीही नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने तिथे उडणारे मानवरहित हेलिकॉप्टर घडवले. त्याचे नाव इन्जेन्युइटी. मुख्य अभियंता होते आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बॉब बलराम.

विरळ हवेत उचल मिळवायची तर यंत्र हलके हवे, पाती मोठी हवीत आणि ती वेगाने फिरायला हवीत. इन्जेन्युइटीचे वजन १.८ किलो, तर पात्यांचा विस्तार १.२ मीटर. एकावर एक बसवलेल्या दोन जोड्या उलट दिशांना मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेत. त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गरगरत नसे. वेग आणखी वाढवणेही सोपे नव्हते. मंगळावरच्या थंड कार्बन डायऑक्साइडमध्ये ध्वनीचा वेग कमी असतो आणि पात्यांची टोके त्या वेगाच्या जवळ गेली की हवेचा रोध एकदम वाढतो.

उचल मिळाली, पण ताबा मिळेना. पृथ्वीवर पात्यांची वरखाली फडफड दाट हवाच शमवते. विरळ हवेला ते जमत नाही. लॅबोरेटरीच्या २५ फूट व्यासाच्या कक्षात हवेचा दाब मंगळाइतका उतरवून पहिला छोटा नमुना उडवला, तेव्हा चालवणाऱ्या माणसाला तो आवरता आला नाही. मग पाती फार ताठ केली आणि सुकाणू संगणकाच्या हाती दिले. २०१६ मध्ये त्याच कक्षात नियंत्रित उड्डाण साधले.

संगणकाला पर्यायही नव्हता. मंगळापर्यंत संदेश पोहोचायला कित्येक मिनिटे लागतात, तेवढ्यात उड्डाण संपूनही जाते. म्हणून मोबाइल फोनमधला स्नॅपड्रॅगन ८०१ प्रोसेसर बसवला. खालच्या जमिनीची छायाचित्रे, लेझरने मोजलेली उंची आणि हालचालींची नोंद यांवरून यंत्र स्वतःला सावरत असे. सहाव्या उड्डाणात एक छायाचित्र गहाळ झाले आणि पुढच्या सगळ्या छायाचित्रांच्या वेळा चुकल्या. यंत्र झोके खाऊ लागले, तरी सुखरूप उतरले. उतरताना शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करायचे, ही सोय आधीच करून ठेवली होती.

१९ एप्रिल २०२१ रोजी जेझेरो विवरात ते तीन मीटर उंच गेले आणि ३९ सेकंदांनी खाली उतरले. बेत पाचच उड्डाणांचा होता. प्रत्यक्षात ७२ झाली. १८ जानेवारी २०२४ च्या शेवटच्या उड्डाणात खाली नुसती वाळू होती. कॅमेऱ्याला ओळखीची खूण सापडली नाही आणि उतरताना पाती मोडली.

अशा यंत्राची कसोटी उचलीपेक्षा ताब्यात असते, हा या प्रकल्पाचा धडा आहे. पुढील लेखांकात शनीच्या टायटन या चंद्राकडे जाणाऱ्या ड्रॅगनफ्लायची ओळख करून घेऊ. तिथली हवा पृथ्वीपेक्षा चौपट दाट आहे.