दुसऱ्याचा लोगो, आपले संकेतस्थळ

कंपनीच्या लोगोला भारतात बहुधा एकाच वेळी दोन कायद्यांचे संरक्षण असते. ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ त्याला व्यापारचिन्ह मानतो. माल कोणाचा हे ग्राहकाला ओळखता यावे आणि त्याची फसगत होऊ नये, हा त्यामागचा हेतू. कॉपीराइट अधिनियम, १९५७ त्याच लोगोकडे चित्र, म्हणजे कलाकृती म्हणून पाहतो. व्यापारचिन्हाची नोंदणी दहा वर्षांची असते आणि शुल्क भरून ती वारंवार वाढवता येते. चिन्ह नोंदवलेले नसले, तरी आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्यावर दावा लावता येतो. लोगोची फाइल इंटरनेटवरून सहज उतरवता येते म्हणून ती वापरायला मोकळी आहे, हा समज मात्र निराधार आहे.

तरीही दुसऱ्याच्या चिन्हाचा प्रत्येक वापर बेकायदा ठरत नाही. ट्रेड मार्क्स अधिनियमाच्या कलम ३० नुसार प्रामाणिक व्यापारी रीतीला धरून असलेला आणि चिन्हाच्या लौकिकाचा गैरफायदा न घेणारा वापर चालतो. सुटे भाग विकणाऱ्याला, ते कोणत्या वस्तूला बसतात हे सांगण्यासाठी मूळ कंपनीचे नाव घेता येते. पण तसे करणे वाजवी गरजेचे असले पाहिजे आणि कंपनीशी नसलेला संबंध त्यातून भासता कामा नये.

ही अट किती काटेकोर आहे, ते प्रेशर कुकरच्या एका साध्या गास्केटवरून दिसले. मुरुगन एंटरप्रायझेस आपल्या गास्केटच्या वेष्टनावर ‘हॉकिन्स प्रेशर कुकरसाठी योग्य’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापत असे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००८ मध्ये हॉकिन्सच्या बाजूने निकाल दिला. ते गास्केट केवळ हॉकिन्सलाच बसणारे नव्हते, त्यामुळे तेवढेच एक नाव घेण्याची गरज नव्हती. शिवाय बाकीचे शब्द काळे आणि ‘हॉकिन्स’ तेवढे लाल, अशी छपाई होती. नुसत्या रंगानेही खुलासा जाहिरात होऊन बसतो, हे संकेतस्थळ सजवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असेच आहे. दुरुस्तीच्या दुकानाने ‘अमुक कंपनीचे फोन येथे दुरुस्त होतात’ असे साध्या अक्षरांत लिहिले, तर ग्राहकाला हवी ती माहिती मिळते. तेथे कंपनीचा लोगो झळकला, की दुकान अधिकृत सेवा केंद्र वाटू लागते. नावाने काम भागत असेल, तर लोगोचे समर्थन करणे अवघडच.

अस्सल माल विकणाऱ्याची बाजू अधिक भक्कम असते. परदेशातून आणलेल्या सॅमसंग प्रिंटरांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये अशा विक्रीला मुभा दिली. मात्र माल आयात केलेला आहे आणि त्याची वॉरंटी व विक्रीपश्चात सेवा सॅमसंग देणार नाही, हे ठळकपणे लिहिण्याचे बंधन घातले.

टीकेसाठी लोगो वापरण्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि लोकशाहीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. ओडिशातील, तेव्हा टाटांचा सहभाग असलेल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असे म्हणत ग्रीनपीसने २०१० मध्ये एक ऑनलाइन खेळ काढला. त्यात टाटांचे नाव आणि वर्तुळातील ‘टी’ हे चिन्ह होते. टाटा सन्सने मनाई हुकूम आणि १० कोटी रुपयांची भरपाई मागितली. जानेवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. चिन्हाच्या मालकावर टीका वा विडंबन करण्यासाठी त्याचे चिन्ह वापरले, एवढ्यानेच कायदा मोडत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. बातमी, समीक्षा आणि टीकेला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नेही रास्त मर्यादेत वाव ठेवला आहे.

‘आमचे ग्राहक’ या मथळ्याखाली मोठ्या कंपन्यांचे लोगो मांडण्याची प्रथा सर्रास आढळते. व्यवहार खरा असला, तरी लोगोमुळे कंपनीने शिफारस केल्याचा भास होऊ शकतो; कित्येक करारांत तर लेखी संमतीची अटच असते. अशा वेळी आधी एक ईमेल पाठवून होकार घेणे उत्तम. ‘सर्व चिन्हे त्या त्या मालकांची’ ही तळटीप प्रामाणिकपणाची खूण आहे खरी, पण तिने परवानगीची उणीव भरून निघत नाही.

उल्लंघन झाल्यास मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा मिळवलेल्या नफ्याची वसुली होऊ शकते. खोटे व्यापारचिन्ह लावण्याच्या गुन्ह्यास ट्रेड मार्क्स अधिनियमाच्या कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. दिवाणी दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. कलम १३४ मुळे कंपनीला तो स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणीही लावता येतो. त्यामुळे लातूरच्या दुकानदाराला आपल्या संकेतस्थळावरील एका चित्रासाठी मुंबईच्या न्यायालयात उभे राहावे लागू शकते.