बांबूची दोरी

धुळ्याहून जळगावकडे निघालं की मुकटी मागे पडते आणि पारोळा येतं. इथला भुईकोट किल्ला भरवस्तीत उभा आहे. १७२७ मध्ये जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो बांधला. झाशीच्या नेवाळकरांशी या घराण्याचं नातं. १८५७ च्या उठावात घराणं इंग्रजांच्या विरुद्ध गेलं, तेव्हा त्यांची जहागीर जप्त झाली आणि किल्ल्याची मोडतोड झाली. त्याआधीही, १८२१ मध्ये, खान्देशाचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याच्यावर याच गावात जिवावरचा हल्ला झाला होता. पारोळ्याच्या माणसाला हे ठाऊक असतं आणि त्याचा अभिमानही असतो. किल्ल्याचा विषय निघाला की तोफा, तलवारी, झाशीची राणी असं बोलणं आपोआप सुरू होतं.

पण १८१८ नंतरची काही वर्षं खान्देशात इंग्रजांची झोप उडवणारं हत्यार कोणत्याही जहागीरदाराच्या शिलेखान्यातलं नव्हतं. ते सातपुड्यात आणि सातमाळ्यात भिल्लांच्या खांद्यावर होतं. तीरकामठा. घाटवाटा त्याच्या धाकात होत्या. भिल्ल नाईकांमागून नाईक पकडले गेले, तरी बंदोबस्त होईना. शेवटी १८२५ मध्ये सरकारने धोरण बदललं. तीन भिल्ल एजन्स्या नेमल्या आणि त्याच वर्षी बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमला भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. औट्रम भिल्लांबरोबर राहिला, शिकारीला गेला, वाघाच्या मागावर त्यांच्या पुढे चालला. माणसं हळूहळू भरती झाली. या खान्देश भिल्ल कोअरचं ठाणं एरंडोलजवळ धरणगावला होतं. तीरकामठ्याची माणसं अशी कवायतीत आणि बंदुकीत आली.

सगळी आली नाहीत. १८५७ मध्ये खाज्या नाईकाने सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली आणि त्यात कितीतरी भिल्ल पडले. त्यांच्याकडे तेव्हा बंदुकाही होत्या. तरी डोंगरातल्या आठवणीत या लढाईचं चित्र उभं राहतं ते तीरकामठ्यासह.

या हत्याराचा नीट परिचय आपल्याकडे फारसा कुणी लिहीत नाही. एकलव्याचं नाव घेऊन आपण पुढे जातो. म्हणून आधी ते बनतं कसं, ते पाहू.

कामठा बांबूचा. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर मानवेल वाढते. तिची भिंत जाड असते, पाणी कमी मिळालं तर ती जवळजवळ भरीवच होते. धनुष्याला असाच बांबू लागतो. कोवळा चालत नाही, तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. बांबूचे तंतू सालीकडे सर्वांत दाट असतात आणि आत जावं तसे विरळ होतात. म्हणून तासायचं ते आतून, सालीला धक्का लावायचा नाही. दोन्ही टोकांकडे निमुळतं होत जाणारं, मध्ये मुठीला भक्कम असं ते कांब हातातल्या कोयत्याने उतरतं. माप डोळ्यात असतं. एक बाजू जास्त तासली गेली तर कामठा ओढताना तिरका वळतो, आणि मग तो सरपणाचा.

खरी गंमत दोरीत आहे. भिल्लांच्या कामठ्याला तात नसते, चामडं नसतं, बहुतेक वेळा सूतही नसतं. दोरीसुद्धा बांबूचीच. सालीकडची एक लांब पातळ चिपाट काढायची, गुळगुळीत करायची आणि टोकांना फास बांधून कामठ्यावर चढवायची. ज्याने पहिल्यांदा हे केलं असेल तो मोठा कारागीर. मोगल आणि मराठा सरदारांचं उंची धनुष्य शिंग, लाकूड आणि स्नायूंचे धागे सरसाने चिकटवून बनत असे. ते अतिशय जोरकस होतं, पण पावसाळी हवेत सरस सुटायचा आणि तात सैल पडायची. त्याला पेटीत, उबेत जपावं लागे. बांबूची दोरी आषाढातही फारशी ताणली जात नाही. ओढलेल्या कामठ्यातली ताकद दोरी ताणण्यात वाया न जाता तीराला मिळते. आणि तुटली तर? ज्या रानात माणूस उभा आहे, त्याच रानात नवी दोरी उभी असते. दरबारी धनुष्याला कारखाना लागे. याला कोयता आणि बेट पुरतं.

तीर बोरूचा किंवा बारीक वेळूचा. निखाऱ्यावर शेकून तो सरळ करतात. मागे पिसं, पुढे लोखंडी पातं. एवढीच एक गोष्ट बाहेरून आणावी लागे. पातं लोहाराकडून यायचं, म्हणजे डोंगरातल्या तीराचं टोक बाजारगावच्या भट्टीत घडायचं. जंगल आणि गाव यांचं नातं त्या दोन बोटांच्या लोखंडात दिसतं. पाखरासाठी बोथट तीर वेगळा, कारण पाखरू फाटायला नको, पडायला हवं. माशासाठी तर फारच युक्तीचा तीर असे. टी. एच. हेंडली यांनी १८७५ मध्ये मेवाडच्या भिल्लांवर लिहिताना तो नोंदवला. त्याचं पातं काडीला पक्कं जोडलेलं नसे, नुसतं खोचून दोरीने बांधलेलं असे. मासा लागला की पातं त्याच्या अंगात राहायचं, काडी सुटून पाण्यावर तरंगायची आणि मासा कुठे पळतो आहे ते दाखवायची.

अनेक भिल्ल तीर ओढताना अंगठा लावत नाहीत. तर्जनी आणि मध्यमा यांच्या चिमटीत तीर धरतात आणि त्याचं कारण विचारलं की एकलव्याची कथा सांगतात. ज्या रीतीने माणूस रोज हात वापरतो त्या रीतीत कथा शिरली, की ती पोथीपेक्षा जास्त टिकते. या परंपरेतल्या एका पोराने जगालाही आपला हात दाखवला. राजस्थानातल्या उदयपूर भागातला लिंबाराम, बांबूच्या कामठ्यावर वाढलेला, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळला.

शिकार आता बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तीरकामठ्याचं रानातलं मुख्य काम संपलं, आणि ते संपणं रास्तच होतं. आता तो दिसतो सणाला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात, नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत, मोर्चात आणि मिरवणुकीत. हळूहळू शोभेचा कामठा वेगळा होऊ लागला आहे. तो रंगवलेला असतो, हलका असतो, आणि त्याने तीर जात नाही.

इथे जतनाचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी थोडं दूर, नागा टेकड्यांत जायला हवं. हिंदुस्थानातल्या आदिवासी हत्यारांमध्ये फार मोठ्या संख्येने गोळा केली गेली ती नागांची. रुंद पात्याचा दाओ, बकरीच्या रंगवलेल्या केसांनी मढवलेल्या दांड्याचा भाला, कातड्याच्या आणि बांबूच्या ढाली, धनेशाची पिसं लावलेली शिरोभूषणं. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स हे तिथले इंग्रज अधिकारी. दोघांनी नागांवर मोलाचे ग्रंथ लिहिले आणि वस्तूही मोठ्या संख्येने ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाला पाठवल्या. तिथला नागा संग्रह सहा हजार वस्तूंच्या पुढचा आहे. त्यात हत्यारंच नाहीत, माणसांचे अवशेषही आहेत. संग्रहालयाने मानवी अवशेष २०२० मध्ये प्रदर्शनातून काढले आणि त्यानंतर नागा समाजाने आपले पूर्वज परत आणण्यासाठी बोलणी सुरू केली. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात शिंगं लावलेली नागा कवटी विक्रीला आलीच. नागालँडमधून तीव्र निषेध झाला, मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि ती लिलावातून काढली गेली. कुणाचा तरी आजा भिंतीवरची वस्तू होतो, इथवर संग्रहाची हौस जाऊ शकते.

आपला या प्रदेशाशी संबंध अगदीच नाही असं नाही. मार्च १९४४ मध्ये उखरूल भागातल्या सांगशाक या तांगखुल नागा गावी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान जपान्यांशी लढले. पुढेही महाराष्ट्रातले कितीतरी जवान ईशान्येत नोकरी करून आले. येताना भेट मिळालेला किंवा विकत घेतलेला दाओ, लाल-काळी शाल असं काहीबाही आणलेलं असतं. अशी वस्तू घरी असेल तर ती कोणत्या गावची, कोणत्या जमातीची, कुणी दिली, हे आजच कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवावं. आणणारा गेला की ती माहितीही जाते, आणि मग उरतं ते नुसतं लोखंड. जुन्या वस्तूंच्या खरेदीचा नाद असेल तर कायदाही माहीत असावा. धनेशाची पिसं, हस्तिदंत, वन्य प्राण्यांची कातडी यांचा व्यापार चालत नाही, आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

नागांचं जास्त उचललं गेलं, भिल्लांचं कुणाला उचलावंसंच वाटलं नाही. बांबूच्या काठीला आणि चिपाटाला बाजारात काय भाव येणार? खुद्द खान्देशाला संग्रहाची मोठी परंपरा आहे, म्हणून हे जास्त लागतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत राहिले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात ती दप्तरं सांभाळतं आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं मठामठांतून मिळवून धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. कागद वाचला, कारण कागदासाठी आयुष्य देणारी माणसं निघाली. ज्यांनी कागद लिहिला नाही त्यांचा इतिहास बांबूत होता, आणि त्याच्यासाठी तशी माणसं निघाली नाहीत.

पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय याला अपवाद. १९६२ पासूनच्या या संस्थेकडे राज्यभरातल्या जमातींची हत्यारं, वाद्यं, दागिने आहेत, आणि शाळांच्या सहली तिथे आवर्जून जायला हव्यात. मला त्याहून जवळची वाटते ती गुजरातेत, छोटा उदेपूरजवळच्या तेजगढची वाट. भोरमध्ये जन्मलेल्या गणेश देवींनी तिथे आदिवासी अकादमी उभी केली आणि तिच्यात ‘वाचा’ हे संग्रहालय आलं. जिथे वस्तू वापरली जाते त्याच मुलखात ती ठेवायची आणि तिच्याबद्दल बोलायचं ते त्याच समाजाने, ही त्यामागची दृष्टी.

तीरकामठ्याला तर हीच दृष्टी लागते, कारण तो मुळात टिकायला बनलेलाच नाही. भाल्याचं पातं तेलाचा हात फिरवला की शंभर वर्षं राहतं. बांबूला भुंगा लागतो. बांबूतल्या पिष्टावर त्याच्या अळ्या पोसतात आणि काचेच्या कपाटात ठेवलेल्या कामठ्याखाली एक दिवस पिवळट पीठ दिसतं. जाणते लोक बांबू पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडतात. तेव्हा कीड कमी लागते, असं ते सांगतात. औषध फवारून काही वर्षं निभावतात. पण कामठा चढवून ठेवला तर त्याचा वाक बसतो, उतरवून ठेवला तर पाहणाऱ्याला तो काठीसारखा दिसतो, आणि सुकलेली दोरी पुन्हा चढवताना फाटते. या हत्याराचा संग्रह करायचा तर दर काही वर्षांनी नवा कामठा करून घेण्याला पर्याय नाही. म्हणजे करणारा माणूस हवा, त्याच्याकडून शिकणारा हवा, आणि दोघांना तोडू दिली जाईल अशी मानवेल हवी.

पारोळा, अमळनेर, एरंडोल, चोपडा या पट्ट्यात भिल्ल वस्त्या आहेत. कामठा डोळ्याच्या मापाने तासणारे म्हातारे त्यांतून शोधायला हवेत. जळगाव जिल्ह्यातलं एखादं महाविद्यालय हे काम घेऊ शकेल. कारागिराला रोजाने बोलवायचं, पूर्ण मोबदला द्यायचा, बांबू निवडण्यापासून पहिला तीर सुटेपर्यंतचं चित्रण करायचं, प्रत्येक भागाचं त्याच्या बोलीतलं नाव त्याच्याच आवाजात घ्यायचं. झालेल्या वस्तूवर जमातीच्या नावाआधी त्याचं स्वतःचं नाव लिहायचं. हटन आणि मिल्स यांच्या काळातल्या असंख्य वस्तूंवर गोळा करणाऱ्याचं नाव आहे, घडवणाऱ्याचं नाही. खान्देशाला ही नोंद पहिल्यापासून नीट करण्याची संधी अजून आहे, आणि ती दिवाळीनंतर, बांबू तोडायच्या दिवसांत, सुरू करता येईल.